नवा मॅप येईपर्यंत

आमच्या घरात संध्याकाळी सात ते साडेआठ ट्रक चालतो. नवरा चालवतो आणि मी शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते. गाडी परदेशातली, स्टिअरिंग डावीकडे, म्हणून माझी खुर्ची त्यांच्या उजव्या हाताला. समोर टेबलावर मुलीचा जुना कॉम्प्युटर आहे. टेबलाच्या कडेला स्क्रूनं आवळलेलं स्टिअरिंग आहे, खाली तीन पेडल आहेत, आणि ते घसरू नयेत म्हणून मी भिंतीला टेकवून ठेवलेला पाटा आहे.

मी कळंबोलीत राहते आणि उरणच्या बाजूला एका कंटेनर यार्डात कारकुनी करते. खिडकीमागे बसून ट्रेलरवाल्यांचे गेटपास बनवणं हे माझं काम. सकाळी साडेसातची कंपनीची बस, संध्याकाळी साडेसहाला घर. मधले सगळे तास माझ्यासमोर ट्रकच असतात. धूळ, डिझेलचा वास, हॉर्न, आणि खिडकीतून आत येणारे हात. घरी येऊन पाय धुवावेत, चहा घ्यावा आणि दीड तास भिंतीकडे बघत पडून राहावं, एवढीच माझी अपेक्षा असते. पण चहा संपायच्या आत आतल्या खोलीतून इंजिन सुरू झाल्याचा आवाज येतो आणि मला उठावं लागतं.

नवऱ्यानं सव्वीस वर्षं गाडी चालवली. आधी दहाचाकी, मग ट्रेलर. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी बूट घालता घालता त्यांना फिट आली. गाडीवर असताना आली नाही, हे नशीब, असं सगळे म्हणाले. दवाखान्यात दुसरी आली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या लिहून दिल्या आणि गाडी कायमची बंद, असं सांगितलं. नवऱ्यानं घरी आल्यावर पाकिटातून लायसन काढलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले, ठेव कुठंतरी, मला दिसणार नाही असं. मी ते गव्हाच्या डब्यात ठेवलं.

मालक चांगला माणूस. त्यानं पार्किंगमध्ये गाड्यांवर लक्ष ठेवायचं काम दिलं. ते त्यांनी तीन महिने केलं. मग एके दिवशी दुपारीच घरी आले आणि परत गेले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, सगळे निघताना मला हात करतात.

मुलीला त्याच सुमारास हैदराबादला नोकरी लागली. जाताना तिनं आपला कॉम्प्युटर घरी ठेवला, ऑफिसातल्या कुणाकडून तरी वापरलेलं स्टिअरिंग आणलं आणि हा गेम त्यात घालून दिला. त्यात ट्रक चालवायचा, माल भरायचा, या देशातून त्या देशात न्यायचा. नवऱ्यानं महिनाभर त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याला ते खेळणं म्हणायचे. मग मुलगी एकदा सुट्टीवर आली आणि रविवारी दुपारी गेम लावून बसली. तिनं गाडी दोनदा कठड्यावर घातली, एकदा उलटवली. ते दारात उभे राहून बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. म्हणाले, "आधी क्लच सोड. ऊठ, मी दाखवतो."

गेम सुरू करायच्या आधी मुलीनं डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. डॉक्टर म्हणाले, यांचा आजार स्क्रीननं वाढणारा नाही. पण खोलीत उजेड हवा, दर अर्ध्या तासानं थांबायचं, जागरण अजिबात नको, आणि सुरुवातीला एकट्यानं बसू नये. मुलीनं त्यातला ‘सुरुवातीला’ हा शब्द काढून टाकला. बाबांनी एकट्यानं बसायचं नाही, असा नियम करून ती हैदराबादला गेली. म्हणजे बसायचं मी.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला राग यायचा. दिवसभर ट्रक, घरी आल्यावर परत ट्रक. पण शेजारी बसून बसून मला काही गोष्टी कळत गेल्या. सव्वीस वर्षांत मी त्यांच्या केबिनमध्ये एकदाच बसले होते, परभणीकडून सामान घेऊन इथं राहायला आलो तेव्हा, आणि तेव्हाही मांडीवर पोर होती. हा माणूस गाडी चालवताना कसा असतो, हे मी कधी बघितलंच नव्हतं. रस्त्यावर चिटपाखरू नसतानाही ते इंडिकेटर देतात. आरशात बघितल्याशिवाय लेन बदलत नाहीत. चढ आला की गाडीशी बोलतात, हळू आवाजात, चल बाई, झालंच, असं. घरी इतकं मऊ ते कुणाशी बोलत नाहीत.

माझं काम पाट्या वाचायचं. त्यांना मराठी, हिंदी चांगलं वाचता येतं, गुजराती पाट्या अंदाजानं कळतात, इंग्रजीत मात्र फक्त मोठी अक्षरं. मी शहरांची नावं वाचायची. ती मलाही धड उच्चारता यायची नाहीत. आम्ही दोघं मिळून काहीतरी म्हणायचो आणि तेच नाव पक्कं व्हायचं.

दीड वर्षात रस्ते संपले. म्हणजे त्या मॅपमध्ये असलेला एकही रस्ता त्यांनी चालवायचा ठेवला नाही. कुठल्या वळणावर पेट्रोल पंप आहे, कुठल्या गोदामात मागे घेताना कोपरा लागतो, सगळं पाठ झालं. सात वाजता ते बसायचे, पण हात सैल असायचे. वळण यायच्या आधीच गाडी वळू लागायची. एकदा म्हणाले, हे आता पनवेल ते कळंबोली झालंय.

आणि मग नव्या मॅपची बातमी आली. मुलीनं फोनवर सांगितलं, फोटो पाठवले. उत्तरेकडचे देश. डोंगरांच्या मधे शिरलेला समुद्र, त्याच्या काठानं जाणारा अरुंद रस्ता, डोंगराच्या पोटातून जाणारे बोगदे, बर्फ. नवऱ्यानं ते फोटो मोबाइलवर बोटांनी मोठे करकरून पाहिले. डांबर कसं आहे ते बघत होते. एका फोटोत रस्त्याच्या कडेला बर्फ रेटून ठेवलेला होता. ते म्हणाले, इथं उतारावर गाडी आवरायला रिटार्डर लागेल, नुसत्या ब्रेकवर उतरलं तर गेलं.

गेम बनवणारे लोक दर आठवड्याला काहीतरी लिहायचे. आज हे शहर झालं, आज ते बंदर झालं, इथली झाडं अशी, इथली घरं तशी. ते इंग्रजीत. वाचून मराठीत सांगायचं माझ्याकडे आलं. मी दिवसभर इंग्रजीत कंटेनरचे नंबर वाचून आलेली असायची. डोळे चुरचुरायचे, गुडघे दुखायचे. तरी सोफ्यावर पाय वर घेऊन मी मोबाइल धरायची आणि ते समोर खुर्ची ओढून बसायचे. मी एखादी ओळ गाळली की त्यांना कळायचं. मधलं काय होतं, असं विचारायचे. आणि शेवटी एकच प्रश्न, तारीख दिली का. तारीख दिलेली नसायची. तयार होईल तेव्हा होईल, अशा अर्थाचं काहीतरी असायचं. त्यावर ते चिडायचे नाहीत. बरोबर आहे म्हणायचे. वाट बघण्याचा त्यांना सराव होता. माझ्यासारख्याच कुठल्या तरी खिडकीबाहेर ते आयुष्यभर थांबत आले होते.

दिवाळी झाली. थंडी आली आणि गेली. मॅप आला नाही. मग एका संध्याकाळी बनवणाऱ्यांनी लिहिलं की अजून थोडं काम बाकी आहे, आणखी काही दिवस लागतील. त्या दिवशी यार्डात सर्व्हर दोनदा बंद पडला होता. बाहेर गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती आणि खिडकीत येणारा प्रत्येक जण माझ्यावरच खेकसला होता. मी त्या अवस्थेत घरी आले होते. सात वाजता नेहमीसारखे बसलो. अर्धा तास झाला, ठरल्याप्रमाणे त्यांनी गाडी रस्त्याकडेच्या पार्किंगला घेतली. दहा मिनिटं थांबायचं. इंजिन ते चालूच ठेवतात, त्याच्या घरघरीत त्यांना बरं वाटतं. मी त्यांना बातमी वाचून दाखवली आणि कंटाळून म्हणाले, हे तुमच्या लोडिंगसारखंच झालं. येतो येतो म्हणतात आणि येत नाहीत. लेकीच्या वेळी तुम्ही असेच नागपूरला अडकून बसला होतात.

हे मी काही टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. आमच्या घरातली ती जुनी गोष्ट होती. मुलगी माझ्या माहेरी झाली, परभणीजवळच्या गावात. नवरा तेव्हा कळंबोलीहून लोखंड घेऊन नागपूरला गेला होता. तिथल्या ऑफिसात त्यांना निरोप मिळाला की कळा सुरू झाल्यात. पण परतीचं लोडिंग अडकलं आणि ते चार दिवसांनी आले, पोरगी तीन दिवसांची झाल्यावर. चोवीस वर्षं मी ही गोष्ट सगळ्यांना सांगत आले होते. बारशाला, लग्नात, बसमधल्या बायकांना. माझी आई तर मरेपर्यंत त्या नागपूरच्या ट्रान्सपोर्टवाल्याला शिव्या देत होती.

नवऱ्यानं स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर घेतले. म्हणाले, "लोडिंग अडकलं नव्हतं."

मला वाटलं ते गेमचं काहीतरी बोलतायत.

"त्याच दिवशी दुपारी गाडी भरली होती. निघालो पण मी. मेहकरच्या अलीकडं ढाब्यावर चहाला थांबलो आणि तिथून पुढं गेलोच नाही. तीन दिवस."

मी विचारलं, का.

ते स्क्रीनकडेच बघत होते. म्हणाले, "पहिलं माझ्याच हातात दिलं होतं ना."

मुलीच्या आधी दोन वर्षं आम्हाला एक बाळ झालं होतं. आठव्या महिन्यात, जिवंत नव्हतं. मी शुद्धीवर येईपर्यंत सगळं झालेलं होतं. मला ते दाखवलं नव्हतं. कुणी नेलं, कुठं नेलं, मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. मी समजून चालले होते की माझ्या भावानं नेलं असेल. आता ते सांगत होते की नर्सनं कापडात गुंडाळून त्यांच्याकडे दिलं, आणि ते आणि माझा भाऊ चालत शेताच्या कडेपर्यंत गेले, आणि वाटेत भाऊ म्हणाला, दाजी, मी घेतो थोडा वेळ, तर यांनी दिलं नाही. दुसऱ्या वेळी निरोप मिळाला तेव्हा परत ते कापडच दिसायला लागलं. वाटलं, जे व्हायचं ते आपण पोचायच्या आत होऊन जावं.

मी म्हणाले, "साडेआठ झाले."

आठ वाजायचे होते अजून. त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही. गेम बंद केला आणि उठले.

त्यानंतर आठ दिवस मी त्या खुर्चीवर बसले नाही. भांडले नाही, अबोला धरला नाही. भाजी काय करू, गॅस सांगितला का, गोळी घेतली का, हे सगळं चालू होतं. फक्त सात वाजले की मी स्वयंपाकघरात काहीतरी काम काढायची. ते एकटे बसले नाहीत. नियम होता आणि तो त्यांनी मोडला नाही. बंद स्क्रीनसमोर थोडा वेळ बसायचे, मग खाली जाऊन सोसायटीच्या गेटपाशी उभे राहायचे.

मला नेमकं काय लागलं होतं, ते मलाच नीट सांगता येत नव्हतं. ते घाबरले, यात मला काही वाईट वाटत नव्हतं. मीही घाबरलेच होते. पहिलं बाळ गेलेली बाई दुसऱ्या वेळी दीड दिवस कळा देते तेव्हा तिच्या मनात काय चाललेलं असतं, ते सांगायला कशाला हवं. पण मी तेव्हा माहेरच्या ओसरीलगतच्या खोलीत पडून होते आणि हा माणूस चार-पाच तासांच्या अंतरावर खाटेवर बसून होता. शेजारच्या मास्तरांकडे फोन होता. ढाब्यावरही असेल. नसला तरी जवळच्या गावात असेलच. एक फोन करून, येववत नाही, एवढं म्हणाले असते तरी चाललं असतं. मी आईला गप्प बसवलं असतं.

यार्डात त्या दिवसांत माझं लक्ष नव्हतं. एका गेटपासवर मी चुकीचा गाडी नंबर टाकला आणि सुपरवायझरचं बोलणं खाल्लं. दुपारी खिडकीतून रांग दिसायची. एकामागे एक ट्रेलर, केबिनमध्ये पाय वर घेऊन पडलेले ड्रायव्हर. इतकी वर्षं मी त्यांच्याकडे अडकलेली माणसं म्हणून बघत आले. आता वाटायचं, यातला एखादा तरी असा असेल की ज्याला रांग पुढं सरकायलाच नको आहे.

नवव्या दिवशी मी बसमध्ये असताना मुलीचा फोन आला. बाबांना नवा मॅप कसा वाटला, असं ती विचारत होती. मला काही कळेना. ती म्हणाली, येऊन तीन दिवस झाले, मी बाबांना मेसेज केला होता, त्यांनी उत्तर दिलं नाही, तब्येत बरी आहे ना. मी म्हणाले, बरी आहे, नेट स्लो आहे, डाउनलोड होतंय.

घरी आले. ते बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होते. मी विचारलं, मॅप आला म्हणे. ते हो म्हणाले. मग लावला का नाही, असं विचारल्यावर त्यांनी हातातली चादर घडी केली, परत उलगडली आणि पुन्हा घडी केली. म्हणाले, तू बसत नव्हतीस.

आठ-दहा महिने वाट बघितली होती त्या माणसानं. तीन दिवस तो मॅप नुसता तिथं होता आणि यांनी कॉम्प्युटर चालू केला नव्हता. मला त्या क्षणी इतका थकवा आला की मी चप्पल न काढताच सोफ्यावर बसले. रागवायचं म्हटलं तरी अंगात काही उरलेलं नव्हतं. थोड्या वेळानं मी म्हणाले, लावा.

डाउनलोडला त्या दिवशीचा सगळा वेळ गेला. आम्ही दोघं टक्के बघत बसलो. दुसऱ्या दिवशी सात वाजता मी चहा खोलीतच घेऊन गेले. त्यांनी स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला. पहिला माल मासळीचा होता, एका बंदरातून दुसऱ्या बंदरात. गाडी बाहेर काढली, आणि फोटोत बघितला होता तोच रस्ता समोर आला. डाव्या हाताला पाणी, उजवीकडे सरळ उभा डोंगर, बारीक पाऊस. गाडी त्यांनी इतकी हळू घेतली की मागची मोटार हॉर्न देऊन पुढं गेली.

पाटी आली. त्यात एक ओ होता आणि त्याच्यावर तिरकी काट मारलेली. मी म्हणाले, हे मला येत नाही. ते म्हणाले, राहू दे, रस्ता एकच आहे.

एक बोगदा गेला. दुसरा आला, तो लांबलचक होता, आत दिवे होते. बोगद्यातून बाहेर यायच्या आत मी विचारलं, "तिथं जेवत होतात का?"

"कुठं?"

"मेहकरला."

त्यांनी गिअर खाली घेतला. पहिल्या दिवशी नाही, म्हणाले. दुसऱ्या दिवशी ढाबेवाल्याच्या बायकोनं न विचारता भाकरी आणि पिठलं आणून ठेवलं. चौथ्या दिवशी सकाळी तिनं विचारलं, गाडी बिघडली का. यांनी नाही म्हटलं आणि मग का कोण जाणे, सगळं सांगितलं. त्या बाईनं यांना उठवलं, यांच्या खालची खाट उचलून आत नेली आणि दार लावून घेतलं. बसायला जागाच राहिली नाही, तेव्हा निघालो, असं ते म्हणाले.

मी त्या बाईचा विचार करत राहिले. कोण कुठली, आता असेल की नसेल. माझ्या आईनं शिव्या दिल्या त्या ट्रान्सपोर्टवाल्याला, आणि हिला कुणी काहीच म्हटलं नाही.

अर्धा तास झाला. त्यांनी गाडी पाण्याच्या कडेला लावली. इंजिन चालू होतं, वायपर हलत होते. मग मी त्यांना माझ्याकडचे ते दिवस सांगितले. चोवीस वर्षांत कधी सांगितले नव्हते, कारण लोडिंगची गोष्ट सांगून झाली की पुढचं कुणी विचारायचं नाही. गावात तेव्हा एकच जीप होती, परभणीला सीट भरून जाणारी. तिचा आवाज आला की मी आईला म्हणायची, बघ, आले का. दिवसातून चार वेळा ती यायची. चारी वेळा आई ओसरीवर जाऊन बघून यायची आणि माझ्या पायाशी बसायची. पोरगी झाली तेव्हाही जीपचाच आवाज येत होता.

ते ऐकत होते. दहा मिनिटं होऊन गेली तरी त्यांनी गाडी काढली नाही. माझं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, जीप कुणाची होती.

मला आठवेना. माणूस डोळ्यांसमोर होता, मिशा, गळ्यात टॉवेल, पण नाव येईना. साडेआठला कॉम्प्युटर बंद झाला, जेवणं झाली, तरी आठवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसमध्ये उरण फाट्यापाशी ते नाव एकदम तोंडात आलं. मी घरी फोन लावला आणि सांगितलं. ते म्हणाले, हां, त्यांची होय. वाटलंच मला.